रोलर बेअरिंग बसवताना: हातोडीच्या आधी फिलर गेज

२२२२० के नंबरचं स्फेरिकल रोलर बेअरिंग घ्या: दोन रिंगा आणि त्यांच्या मध्ये रोलरच्या दोन रांगा. बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, १०० मिमी, बाहेरचा व्यास १८० मिमी, रुंदी ४६ मिमी, वजन जवळपास पाच किलो. एवढ्या मोठ्या लोखंडात रोलर आणि बाहेरच्या रिंगमधली फट जेमतेम माणसाच्या केसाइतकी असते. बेअरिंग शाफ्टवर चढवताना या फटीतला काही भाग जातो, हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसतं ते घर) घट्ट असेल तर आणखी थोडा, आणि मशीन चालू होऊन शाफ्ट तापला की पुन्हा थोडा. काहीच उरलं नाही तर रोलर दोन रिंगांच्या मध्ये चिणले जातात आणि बेअरिंग तापतं. तापलं की आतली रिंग अजून फुगते आणि पकड आणखी आवळते. त्यानंतर मशीन बंद करण्याशिवाय हातात काही राहत नाही.

म्हणून बसवण्याचं सगळं काम मी या फटीच्या हिशेबाने सांगतो. वर्कशॉपमध्ये तिला कोणी क्लिअरन्स म्हणतं, कोणी प्ले, कोणी खेळ. नाव काहीही घ्या, पण फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या संचाने, मोजा.

नंबर पूर्ण वाचा

शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की बोअर मिळतो, २० म्हणजे १०० मिमी. हा हिशेब ०४ पासून पुढे चालतो. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिमी. एवढं सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो मागच्या अक्षरांत. ‘के’ असेल तर बोअर निमुळता, १:१२ टेपरचा, आणि ‘के’ नसेल तर सरळ. ‘सी३’ असेल तर आतला खेळ नेहमीपेक्षा जास्त. २२२२० के मध्ये नेहमीचा खेळ ८० ते ११० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, सी३ मध्ये ११० ते १४०.

‘स्टोअरमध्ये सी३ नाही, साधं आहे, चालेल का?’ हा प्रश्न दर शटडाऊनला येतो. सी३ मागवलेलं असतं तेव्हा त्यामागे बहुधा कारण असतं. शाफ्टवरची फिट जास्त घट्ट असते किंवा शाफ्टमधून उष्णता येत असते. तिथे साधं बेअरिंग घातलं तर तीस मायक्रॉन तुम्ही पहिल्याच मिनिटाला गमावले.

सिलिंड्रिकल रोलरमध्ये एनयू आणि एनजे यांची अदलाबदल हा असाच घोळ. एनयूच्या आतल्या रिंगेला कॉलर नसते, त्यामुळे शाफ्ट दोन्हीकडे सरकू शकतो. एनजेला एका बाजूला कॉलर असते आणि ती शाफ्टला त्या दिशेने अडवते. मापं सारखी असल्यामुळे एकाच्या जागी दुसरं सहज बसतं आणि चूक महिनाभराने कळते.

शाफ्ट आणि हाउसिंग मोजा

कोणती रिंग घट्ट हवी ते भार कसा फिरतो यावर ठरतं. पंखा, पंप, गिअरबॉक्स यांत शाफ्ट फिरतो आणि भाराची दिशा एकच राहते. आतल्या रिंगेच्या प्रत्येक बिंदूवरून भार जातो, म्हणून आतली रिंग घट्ट आणि बाहेरची हाउसिंगमध्ये सरकती. फिरणाऱ्या हबमध्ये याच्या उलट. व्हायब्रेटिंग स्क्रीनमध्ये असंतुलित वजनामुळे भारच शाफ्टबरोबर फिरतो, म्हणून तिथेही बाहेरची रिंग घट्ट ठेवतात. नेहमीच्या सवयीने स्क्रीनचं बेअरिंग बसवणारे इथेच फसतात.

आता सरळ बोअरचं १०० मिमीचं बेअरिंग आणि एम६ फिटचा (मापाच्या एका ठरलेल्या मर्यादेतला) शाफ्ट घेऊ. शाफ्टचा व्यास १००.०१३ ते १००.०३५ मिमी. बेअरिंगचा बोअर ९९.९८० ते १००.००० मिमी. म्हणजे ताण (शाफ्ट बोअरपेक्षा जेवढा जाड, तेवढा फरक) कमीत कमी १३ आणि जास्तीत जास्त ५५ मायक्रॉन. या ताणाचा मोठा हिस्सा आतल्या रिंगेचा ट्रॅक (रोलर धावतात ती वाट) फुगवण्यात जातो आणि तेवढी फट कमी होते. शाफ्टचं माप पाच-दहा मायक्रॉनने चुकलं तर काय होतं, ते आता वेगळं सांगायला नको.

शाफ्टवर तीन जागी, प्रत्येक जागी चार दिशांनी मायक्रोमीटर लावा. बारा आकडे कागदावर घ्या. त्यातून व्यास कळतो, तसंच शाफ्ट निमुळता झालाय का, अंडाकार झालाय का, हेही कळतं. मोजताना शाफ्ट आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला हवेत. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे १०० मिमीचा शाफ्ट नुसता दहा अंशांनी गरम असला तरी माप १२ मायक्रॉनने जास्त येतं, आणि एम६ची पूर्ण टॉलरन्स फक्त २२ मायक्रॉनची आहे. नुकत्या बंद केलेल्या मशीनचा शाफ्ट मोजून ‘माप बरोबर आहे’ म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं.

शाफ्ट झिजला असेल तर त्यावर सेंटर पंचने ठिपके मारून बेअरिंग ‘टाईट’ करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ठिपक्यांच्या कडा वर येतात, बेअरिंग चढताना घट्ट लागतं, सगळे खूश. पण रिंग फक्त त्या कडांवर टेकलेली असते. भार फिरू लागला की कडा चेपतात, रिंग शाफ्टवर सरकायला लागते आणि काही दिवसांत तपकिरी-लाल भुकटी बाहेर येते. असा शाफ्ट भरून घेऊन पुन्हा मापात ग्राइंड करावा, नाहीतर बदलावा.

शोल्डरच्या (शाफ्टवरची पायरी, जिला रिंग टेकते) कोपऱ्यातली गोलाई बेअरिंगच्या चॅम्फरपेक्षा (रिंगेच्या कापलेल्या कडेपेक्षा) लहान हवी. मोठी असली तर रिंग शोल्डरला टेकण्याआधीच गोलाईवर बसते आणि तिरकी राहते. बर, ओरखडे, चावीच्या खाचेच्या कडा बारीक ऑइल स्टोनने साफ करा.

आणि एक बाळबोध गोष्ट: सील, आतलं कव्हर, स्पेसर रिंग शाफ्टवर आधी गेली का, ते बघा. बेअरिंग थंड झाल्यावर टेबलावर पडलेलं सील दिसलं की सगळ्या टोळीचे चेहरे बघण्यासारखे होतात. मी दोनदा पाहिलेत, त्यातल्या एकदा टोळीत मीच होतो.

खोकं कधी उघडायचं

अगदी बसवायच्या वेळी. बेअरिंगवर जे तेल असतं ते गंज अडवण्यासाठी, आणि बहुतेक ग्रीसशी ते जुळतं. केरोसिनने धुऊ नका. फक्त बोअर आणि बाहेरचा व्यास स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कॉटन वेस्ट नको, त्याचे तंतू रोलरखाली जातात. एअर गनने बेअरिंग गरगरा फिरवून ‘कसं फिरतंय’ बघणंही बंद करा. त्यात कोरडे रोलर घसरतात, आणि रिंग सुटली तर माणूसही जखमी होतो.

ठोकून बसवायचं असेल तर

लहान बेअरिंग थंडच बसवता येतात. नियम एकच: ज्या रिंगेची फिट घट्ट, जोर त्याच रिंगेवर. आतली रिंग शाफ्टवर चढवताना बाहेरच्या रिंगेवर मारलं तर तो सगळा दणका रोलरमधून जातो आणि दोन्ही ट्रॅकवर रोलरच्या अंतराने खुणा उमटतात. डोळ्याला त्या दिसतीलच असं नाही, पण मशीन चालू झाल्यावर एकसारखी घरघर ऐकू येते. दोन्ही रिंगा एकदमच बसवायच्या असतील तर दोघींवर टेकणारी चकती वापरा. मापाची नळी, तिच्यावर टोपी आणि बरोबर मध्यावर हातोडी, किंवा त्याहून उत्तम म्हणजे प्रेस. पितळी सळई गोल फिरवत टाकटाक मारणं ही जुनी सवय आहे. पितळेचा तुकडा उडून पिंजऱ्यात (रोलर धरून ठेवणाऱ्या चौकटीत) गेला की ती महाग पडते.

तापवून बसवताना

१०० मिमीच्या बोअरला ८० अंशांची वाढ दिली की बोअर सुमारे ९६ मायक्रॉन मोठा होतो. ताण जास्तीत जास्त ५५, म्हणजे चाळीसेक मायक्रॉन सरकायला मोकळे. म्हणून शाफ्टच्या तापमानापेक्षा ८० ते ९० अंश जास्त, हे प्रमाण धरायचं. वर्कशॉपमध्ये ३० अंश असतील तर बेअरिंग ११० ते १२० अंशांवर. १२०च्या वर नेऊ नका, पोलादाचं माप आणि कडकपणा बिघडायला लागतो. सील असलेलं बेअरिंग ८०च्या वर नको, कारण रबर आणि आतलं ग्रीस ते सहन करत नाही.

इंडक्शन हीटर असेल तर तापमानाचा प्रोब आतल्या रिंगेवरच लावा. आतली रिंग लवकर तापते, बाहेरची मागे राहते. काम झाल्यावर डीमॅग्नेटाइझ झालं की नाही ते टाचणी टेकवून बघा. टाचणी चिकटली तर बेअरिंग लोखंडाचा प्रत्येक कण ओढून घेणार. ऑइल बाथ वापरत असाल तर बेअरिंग तळाला न टेकवता जाळीवर किंवा हुकाला टांगून ठेवा. गॅसची ज्योत कधीच नको. एका बाजूला निळा डाग पडला की तिथला कडकपणा गेला.

बेअरिंग तापल्यावर वेळ सेकंदांत मोजायचा. हातमोजे घालून सरळ धरा, एका दमात शोल्डरपर्यंत न्या, आणि पकड येईपर्यंत दाबून धरा. अर्ध्यात अडकलं तर तिथे हातोडी चालवू नका. लगेच पुलरने बाहेर काढा, पुन्हा तापवा.

पुढची पायरी घाईत सुटते. थंड होताना रिंग रुंदीतही आकसते आणि शोल्डरपासून थोडी दूर येते. एका कोळसा गिरणीच्या ड्राइव्हवर आम्ही बेअरिंग दाबून बसवलं, नट आवळला, जेवायला गेलो. परत येऊन शोल्डरशी ०.०५ची पट्टी सरकवली तर ती आरपार गेली. नट पुन्हा आवळला तेव्हा तो आणखी पुढे गेला. थंड झाल्यावर फिलर गेज लावणं आणि नट परत आवळणं ही पायरी त्या दिवसापासून आमच्या चेकलिस्टमध्ये आली.

सिलिंड्रिकल रोलर बेअरिंगमध्ये आतली रिंग शाफ्टवर आणि रोलर हाउसिंगमध्ये असतात. मग रोटर आत घालताना तो सरळ ढकलला की रोलरच्या अंतरावर लांब ओरखडे उठतात. रोटरचं वजन क्रेनवर पेला, रोलरवर तेल लावा, आणि शाफ्ट हळूहळू फिरवत स्क्रूसारखा आत न्या.

निमुळत्या बोअरचं बेअरिंग

इथे ताण शाफ्टच्या मापावर नाही, तुमच्या हातातल्या स्पॅनरवर ठरतो. टेपरवर बेअरिंग जितकं पुढे जाईल तितकी आतली रिंग फुगेल. म्हणून इथे फिलर गेज नसेल तर काम सुरूच करू नका.

बेअरिंग टेबलावर उभं ठेवा. बाहेरची रिंग हलकी डोलवून सरळ करा, दोन-चार फेरे फिरवा म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतील. सगळ्यात वरच्या रोलरवर, बाहेरच्या रिंगेखाली, पट्टी सरकवा. दोन्ही रांगांत एकाच वेळी. बारीक पट्टीपासून चढत जा, आणि जी पट्टी किंचित ओढ देत जाते ती घ्या. पट्टी आत असताना रोलर तिच्यावरून फिरवू नका. समजा २२२२० के मध्ये ०.१० मिमी मिळाले. हा आकडा खडूने हाउसिंगवर लिहा.

या आकाराला खेळ ०.०४५ ते ०.०६० मिमीने कमी करायचा असतो. म्हणजे बसवल्यावर ०.०४ ते ०.०५५ उरायला हवा, आणि नेहमीच्या खेळाच्या बेअरिंगमध्ये कोणत्याही परिस्थितीत ०.०३५च्या खाली जायचं नाही. टेपरवर सरकणं साधारण ०.७ ते ०.९ मिमी होतं. गणिताने १ मिमी सरकण्याला ८३ मायक्रॉन व्यास वाढतो, पण पृष्ठभागाचे कंगोरे दबण्यात आणि शाफ्ट आकसण्यात काही भाग जातो. म्हणून सरकण्याचं माप आधाराला ठेवा आणि शेवटचा निर्णय फिलर गेजवर सोपवा.

अडॅप्टर स्लीव्ह, म्हणजे सरळ शाफ्ट आणि निमुळता बोअर यांच्या मध्ये बसणारी नळी (या बेअरिंगला एच ३२०, शाफ्ट ९० मिमीचा), आणि शाफ्ट पुसून कोरडा करा. स्लीव्हच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आणि नटाच्या तोंडाला पातळ तेलाचा हात फिरवा. बेअरिंग स्लीव्हवर हाताने जाईल तिथवर न्या, नट चॅम्फरची बाजू बेअरिंगकडे ठेवून लावा. लॉक वॉशर अजून लावू नका, आवळताना त्याचे दात वाकतात. हुक स्पॅनरने थोडं आवळा, बाहेरची रिंग फिरवा, मोजा. पुन्हा थोडं, पुन्हा मोजा. बेअरिंग शाफ्टवर असताना बाहेरची रिंग खाली लटकते, त्यामुळे आता खेळ खालच्या रोलरशी मोजायचा. टेबलावर वर मोजला, आता खाली. नव्या मुलांना हे दोनदा सांगावं लागतं, कारण वर पट्टी जात नाही आणि ते घाबरून नट सैल करतात.

खेळ ०.०५ला आला की नट काढा, वॉशर घाला, नट परत घट्ट करा आणि बेअरिंग आणखी पुढे गेलं नाही ना ते पुन्हा मोजा. वॉशरचा दात खाचेसमोर येत नसेल तर नट किंचित पुढे न्या, मागे नाही. दात वाकवा. या टप्प्यावर बाहेरची रिंग हाताने सहज फिरायला आणि थोडी डोलायला हवी. डोलताना जड लागली तर खेळ संपला आहे.

मोठ्या बेअरिंगला स्पॅनर पुरत नाही, तिथे हायड्रॉलिक नट लागतो. पद्धत तीच, जोर तेलाचा.

टेपर रोलर बेअरिंगचं तंत्र थोडं वेगळं. तिथे खेळ दोन बेअरिंगांमधल्या अंतरावर ठरतो. नट आवळताना शाफ्ट सतत फिरवत राहा, नाहीतर रोलर कॉलरला टेकत नाहीत आणि डायल गेज खोटा एंड प्ले (शाफ्टचं पुढेमागे सरकणं) दाखवतो. शाफ्ट पुढेमागे ढकलून डायलवर किती हलतो ते बघा आणि मशीनच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा.

एक बांधलेलं, एक मोकळं

दोन मीटरचा शाफ्ट हाउसिंगपेक्षा ४० अंशांनी जास्त तापला तर जवळपास एक मिलिमीटर लांबतो. ही लांबी कुठेतरी जायला हवी. म्हणून एका प्लमर ब्लॉकमध्ये (झाकण आणि बूड असलेल्या हाउसिंगमध्ये) लोकेटिंग रिंगा (बेअरिंगला बाजूला सरकू न देणाऱ्या कड्या) घालून बेअरिंग बांधतात आणि दुसऱ्यात मोकळं ठेवतात. मोकळं बेअरिंग थंड असताना हाउसिंगच्या मध्यावर किंवा शाफ्ट वाढेल त्याच्या उलट दिशेला थोडं सरकवून ठेवा.

एका गरम हवेच्या पंख्यावर बेअरिंग दर तीन महिन्यांनी जात होतं. ग्रीस बदलून झालं, बेअरिंगची मेक बदलून झाली. शेवटी काढलेलं बेअरिंग उघडून पाहिलं तर दोन रांगांपैकी एकाच रांगेवर भाराचा पट्टा होता, दुसरी रांग नवीकोरी. वरचं कव्हर काढलं, दोन्ही ब्लॉकमध्ये लोकेटिंग रिंगा. कोणीतरी ‘रिकामी जागा दिसते’ म्हणून भरल्या होत्या. दोन रिंगा बाहेर काढल्या आणि प्रश्न तिथेच मिटला.

प्लमर ब्लॉकचं झाकण आणि बूड जोडीने बोअर केलेलं असतं. दोन ब्लॉकची झाकणं अदलाबदल झाली तर बोअर गोल राहत नाही. काढतानाच दोन्हींवर एकच खूण करा. बेसखाली रंगाचे पोपडे, वेल्डचे थेंब असतील तर बोल्ट आवळताना हाउसिंग वाकतं, आणि पुन्हा आपला खेळ जातो.

ग्रीस

बेअरिंगच्या आत पूर्ण भरा, बोटाने रोलरांच्या मधून दाबून. हाउसिंगची मोकळी जागा मात्र तिसरा हिस्सा ते निम्मी एवढीच. जास्त भरलं की ग्रीस घुसळून तापतं. लिथियम आणि पॉलीयुरिया सहसा एकमेकांत मिसळू नयेत, मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. पुढे ग्रीस देताना बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५ हे ग्रॅममधलं प्रमाण. २२२२० ला १८० × ४६ × ०.००५, म्हणजे ४१ ग्रॅम. तुमच्या ग्रीस गनच्या एका दट्ट्याला किती ग्रॅम येतं ते एकदा मोजून ठेवा. दहा दट्टे कागदावर मारा, काट्यावर ठेवा, दहाने भागा.

पहिला फेरा

सुरू करण्याआधी शाफ्ट हाताने पूर्ण दोन-तीन फेरे फिरवा. कुठे अडतं का, घासतं का, ते हाताला कळतं. मग मशीन चालू करून दर दहा मिनिटांनी दोन्ही बेअरिंगचं तापमान लिहा. नव्या ग्रीसमुळे तापमान सुरुवातीला चढतं, ग्रीस बाजूला सरलं की उतरून एका जागी स्थिरावतं. त्या चढाला घाबरून आणखी ग्रीस मारू नका. चढतच राहिलं, किंवा एका बेअरिंगचं तापमान दुसऱ्यापासून झपाट्याने दूर जाऊ लागलं, तर थांबवा आणि खेळ पुन्हा मोजा. म्हणूनच तो खडूचा आकडा पुसायचा नाही.

नंतर कोणी त्या मशीनवर वेल्डिंगला आलं तर आधी त्याची अर्थ केबल कुठे लावली ते बघा. वेल्डच्या जागेपाशी, त्याच तुकड्यावर हवी. दूर फ्रेमला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि ट्रॅकवर जळल्याचे बारीक खड्डे पडतात.